जाळीच्या दाराशी उभा असलेला माणूस

आज आपण एकच कथा घेऊ. अमेरिकन लेखिका जॉईस कॅरोल ओट्स यांची ‘व्हेअर आर यू गोइंग, व्हेअर हॅव यू बीन?’. ही १९६६ साली ‘इपॉक’ या नियतकालिकात आली. ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात चार्ल्स श्मिड नावाच्या माणसाने मुलींचे खून केले होते, त्या प्रकरणाची पार्श्वभूमी तिला आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. कॉनी पंधरा वर्षांची. रविवारी घरचे सगळे नातेवाइकांकडे गेलेत, ती एकटीच आहे. सोनेरी मोटार दारात येते. आर्नल्ड फ्रेंड म्हणतो, फिरायला चल. शेवटी ती बाहेर पडते. पुढचं लेखिका सांगत नाही, तरी आपल्याला कळतं. ते कसं कळतं?

पेरणी आधीच झालेली असते. हॉटेलच्या आवारात याच सोनेरी गाडीतला एक जण कॉनीला ‘तुला गाठणारच’ अशा अर्थाचं काही बोलून गेलाय. तेव्हा तो टवाळखोर वाटतो, इतकंच. आईवर चिडलेली कॉनी मनात म्हणते, आई मरावी, मीही मरावं. वयाचा त्रागा म्हणून आपण पुढे जातो. शेवटी फोन हातात धरून ती आईलाच हाका मारते, तेव्हा तो त्रागा आठवून आपल्या पोटात गोळा येतो. तिला सुखावणारा रेडिओचा कार्यक्रमही त्याच्या गाडीतून ऐकू येतो. जे तिचं होतं, ते आता त्याच्या बाजूला गेलं.

आणि दहशत कशात आहे? तो दार तोडत नाही. जाळीचं दार तकलादू आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. तो नुसता गोड बोलत राहतो. तू फोनला हात लावला नाहीस तर मी आत येणार नाही, असं वचनही देतो. वचनाच्या रूपातली ही धमकी आहे.

आता मुद्द्याचं. ‘सारखी आरशात बघायची, घरात एक नि बाहेर एक वागायची, मग भोगलंच’ असं वाचन आपल्याकडेही सहज होतं. तसं वाचलं की पूर्वसूचनेचं आरोपपत्र होतं. पण कथा नीट बघा. धोक्याच्या खुणा कॉनीवर नाहीत, त्याच्यावर आहेत: टोपासारखे केस, बुटांत काहीतरी कोंबल्यामुळे अडखळणारी चाल, तरुण नसलेला चेहरा, गाडीवर गेल्या वर्षीची शिळी भाषा. या खुणा ती एकेक करून ओळखते. कमी पडते ती मदत.

शीर्षकातला प्रश्न पुन्हा वाचा. कुठे चाललीस, कुठे होतीस? वडील वर्तमानपत्रात बुडालेले. मैत्रिणीचे वडील मुलींना गाडीने सोडतात, आणतात, पण काय केलंत ते विचारत नाहीत. आई विचारते आणि मिळेल त्या उत्तरावर विश्वास ठेवते. काल रात्री कॉनी कुणाबरोबर होती, हे नेमकं ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तो दाराशी उभा आहे.

या कथेची खरी भीती आपल्याला इथे दिसते.