मोर, फलक आणि ऊसतोडीचं कॅलेंडर

चकलांब्यात उभं राहून फ्रीमन टिल्डनवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण विषय आपल्या दाराशी आहे. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ चं, जायकवाडीचं पक्षी अभयारण्य १९८६ चं. माणसं जातात, फोटो काढतात, परततात. ती तिथून काय घेऊन येतात, एवढाच आजचा प्रश्न.

टिल्डन वनखात्याचा माणूस नव्हे, लेखक-पत्रकार. अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं हिंडून त्याने १९५७ मध्ये 'इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज' लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की माहिती म्हणजे अर्थ नव्हे. पाहणाऱ्याच्या अनुभवाला जे भिडत नाही ते वांझ. आणि काम शिकवण्याचं नाही, चेतवण्याचं आहे. हे मला पटतं. 'मोर, राष्ट्रीय पक्षी, १९६३' असा फलक वाचून कोण थांबतं? त्यापेक्षा विचारा ना, पिसारा ही मोराची शेपटी आहे का? नाही! खरी शेपटी आखूड, पिसाऱ्याच्या मागून त्याला टेकू देणारी. आता तो माणूस मोराच्या मागच्या बाजूला जाऊन बघेल की नाही?

पण इथेच टिल्डनशी माझं भांडण सुरू होतं. त्याचा पाहुणा रानाला परका आहे. आमचा नाही. पेरलेलं बी उकरणारा मोर ज्याने रोज हाकलला, त्याला मोराचं कौतुक आपण काय सांगणार? आणि जायकवाडीत ज्याचं गाव बुडालं, तोच उद्या रोहित बघायला आला तर? पाणी पसरट नि उथळ, म्हणून रोहित उतरतात, हे खरं. ते पाणी त्याच्या शिवारावर उभं आहे, हेही तितकंच खरं. दुसरं वाक्य गाळून लावलेला अर्थ मी अर्थ मानत नाही. त्या माणसाला ऐकवायचं नसतं, त्याचं ऐकायचं असतं.

टिल्डनचं सहावं सूत्र मुलांचं. मोठ्यांचंच पाणी घालून पातळ केलेलं मुलांना देऊ नका, त्यांच्यासाठी मांडणीच वेगळी करा, असं तो म्हणतो. बरोबर आहे. पण मुलं हजर तर हवीत! शाळेच्या सहली हिवाळ्यात, रोहितही हिवाळ्यात. आणि आपल्याकडची कितीतरी पोरं तेव्हा आईबापांबरोबर ऊसाच्या फडावर, कोपीत. आराखडा करणारे पक्ष्यांचं वेळापत्रक बघतात, या पोरांचं कुणी बघत नाही. ती गावी असतात पावसाच्या तोंडाला, मोर नाचतो तेव्हाच. तेव्हा न्या त्यांना नायगावला. आणि फलकाकडे बोट दाखवण्याआधी विचारा, फडात काय काय दिसलं रे?