सराव छान झाला, मग सामन्यात काय झालं?

पार्क मैदान असो की शाळेचं पटांगण, आपल्या सोलापुरात खो-खोचा सराव बहुतेक असाच चालतो: आधी वीस वेळा खांबावर सूर, मग वीस वेळा खो घेऊन उठणं आणि दिशा पकडणं, मग एकेरी साखळी, शेवटी दुहेरी. एक घोटून झालं की दुसरं. पंधराव्या सुराला अंग सहज झेपावतं आणि आपण प्रशिक्षक खूश होतो. आज आपल्याला तपासायची आहे ती हीच खुशी.

१९७९ साली अमेरिकेत शे आणि मॉर्गन या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली, प्रत्येकी १८ वेळा. एका गटानं एकेक हालचाल सलग केली, दुसऱ्यानं तिन्ही उलटसुलट. सराव चालू असताना सलग गट पुढे होता. दहा दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा उलटसुलट गटाला जास्त टिकून राहिलं होतं.

असं का? सलग सरावात पहिल्या वेळी केलेली जुळवाजुळव पुढच्या एकोणीस वेळा आयतीच मिळते. मधे दुसरं काम आलं की ती पुसट होते, पुन्हा उभी करावी लागते. शिकणं त्या उभं करण्यात आहे. सामन्यात तरी वेगळं काय घडतं? संरक्षक खांबाकडे पळेल, साखळी धरेल की हुलकावणी देईल, हे आक्रमकाला आधी कोण सांगतं? लागोपाठ वीस सूर मारायला कोणी देत नाही.

क्रम बदलणं वेगळं, एकाच कामात फरक करणं वेगळं. १९७८ च्या एका प्रयोगात आठ वर्षांच्या काही मुलांनी दोन आणि चार फुटांवर नेम धरला, काहींनी फक्त तीन फुटांवर. चाचणी तीन फुटांवरच झाली, तरी सरस ठरली ती दोन-चारवाली मुलं. म्हणून सुराचा वेग आणि कोनही बदलत ठेवावा.

पण या संशोधनालाही आपण डोळे मिटून मान डोलवायची नाही. प्रयोगशाळेतली कामं सोपी असतात. मैदानावर हा परिणाम बराच कमी दिसतो. हात खांबाला कुठे धरायचा हेच ज्या पोराला कळलेलं नाही, त्याला सरमिसळ दिली तर तो गोंधळेल, आपटेलही. आधी ढब बसू द्या, मग मिसळा.

आपली खरी चूक मोजण्यात आहे. निवड चाचणी आपण सरावाच्या शेवटी घेतो, अंग तापलेलं असताना. तिथे सलग घोटलेली मुलगी चमकते, सरमिसळ सरावात अडखळत शिकणारी घरी जाते. कदाचित जास्त शिकलेली तीच असते.

म्हणून एवढंच करून बघा: दोन-तीन दिवसांनी, अंग मोकळं करून झाल्यावर, पण आधी एकही सूर न मारता, एकच संधी द्या. कोणतं कौशल्य लागणार हे आधी सांगू नका. असं तीन-चार वेळा करा, आणि निवडीच्या वहीत तेच गुण लिहा.