तंतुवाद्यांचे ध्वनिसंग्रह : स्वर आणि गज

तंतुवाद्यांचे ध्वनिमुद्रित स्वर साठवून ते पट्ट्यांच्या साह्याने वाजविण्याची जी साधने आज संगीतकारांच्या हाती आहेत, त्यांची चर्चा बहुधा ‘आवाज खरा वाटतो की नाही’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. हा प्रश्न अपुरा आहे. सुटा स्वर खराच असतो. तो खऱ्या वादकाने खऱ्या वाद्यावर वाजविलेला असतो. विचार करावयाचा तो दोन स्वरांमधील जागेचा.

१९६३ साली बर्मिंगहॅम येथे निघालेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीमागे एक ध्वनिफीत असे व ती सुमारे आठ सेकंदांत संपे. तीतील व्हायोलिनांचा आवाज धूसर व किंचित डळमळता होता. परंतु मर्यादा उघड असल्यामुळेच मेलोट्रॉनला स्वतःचे व्यक्तित्व लाभले. २००२ साली पुढे आलेल्या व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीचे संस्थापक हर्ब टुक्मांडल हे स्वतः चेलोवादक. या संग्रहात सुट्या स्वरांबरोबर एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाण्याची क्रियाही मुद्रित करण्यात आली. ही सुधारणा वादकालाच सुचावी, यात नवल नाही.

तथापि काही उणिवा पद्धतीतच आहेत. सोळा व्हायोलिनांच्या मुद्रित समूहावर तीन स्वरांचा मेळ वाजविला की अठ्ठेचाळीस व्हायोलिने वाजू लागतात. प्रत्यक्ष वृंदात तेच सोळा वादक विभागले गेले असते. एकच स्वर पुनःपुन्हा वाजविल्यास यांत्रिकता कानास खुपते, म्हणून त्याच स्वराची अनेक मुद्रणे आलटून पालटून योजावी लागतात. हळू स्वर वाढवीत नेताना एक मुद्रण विरते व दुसरे उमटते. समूहात हे खपून जाते, एकट्या व्हायोलिनात मात्र क्षणभर दोन वाद्ये ऐकू येतात.

याचा परिणाम रचनेवर होतो, आणि तोच अधिक गंभीर आहे. दीर्घ, स्थिर स्वरमेळ आणि तुटक गजाच्या द्रुत आवृत्ती या साधनांना उत्तम साधतात. म्हणून संगीतकार तेवढेच लिहू लागतो. साधनाची सोय ही हळूहळू अभिरुची बनते.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील व्हायोलिनांचे मोठे ताफे बव्हंशी गोमंतकीय वादकांनी उभे केले. अँथनी गोन्साल्विस व सेबास्टियन डिसोझा ही नावे सर्वपरिचित आहेत. विद्युत्‌साधनांच्या प्रसारानंतर ते ताफे ओसरले. शिवाय आपल्या संगीतात मींड ही दोन स्वरांना जोडणारी केवळ वाट नव्हे. कित्येकदा तीच रागाचा आशय असते. स्वरांतरांची कितीही मुद्रणे केली तरी तिची गती रागानुसार व वादकाच्या मनोधर्मानुसार बदलणारच. सारंगीच्या संग्रहात ती गोठवून ठेवली, तर हाती उरतो तो केवळ एक अलंकार.

म्हणून ध्वनिसंग्रह हा आराखड्यासाठी व अभ्यासासाठी उपकारक मानावा. त्याला वादकाचा पर्याय मानणे म्हणजे शब्दकोशाला वक्ता समजणे होय.