साचा आणि आखणी

पेणच्या कारखान्यांत गणपतीची मूर्ती साच्यातून निघताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना फोटोची कला समजावून सांगायला फार वेळ लागू नये. साच्यातून मूर्ती निघते खरी. पण डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती आपल्याकडे पाहत नाही. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स निगेटिव्हला स्वरलिपीची आणि प्रिंटला वादनाची उपमा देत असे. बिचारा पियानो शिकलेला! पेणचा असता तर साचा आणि आखणी असेच म्हणाला असता.

आता प्रश्न असा, की ही आखणी कोणी करावी? डार्करूममधल्या हाताने, की स्कॅनरने?

आमच्या रोह्याच्या घरी एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती आहेत. निगेटिव्ह १९६८ सालची, १२० रोलवरची, कृष्णधवल. पडवीत आजी सूप घेऊन बसली आहे. जुनी प्रत एन्लार्जरवर काढलेली. निगेटिव्हमधून आलेला प्रकाश भिंगातून ब्रोमाइड कागदावर पडत असता छापणाऱ्याने मध्ये हाताचा आडोसा धरून आजीचा चेहरा उजळ राखला आणि मागचे दार काळोखात जाऊ दिले. कागदाचा आवाका निगेटिव्हहून तोकडा. काही ठेवायचे तर काही सोडावे लागते. त्या अनोळखी कारागिराने आजी ठेवली. नजर तिच्या सुरकुत्यांवर जाते आणि तिथेच रेंगाळते.

दुसरी प्रत अलीकडची, स्कॅन करून काढलेली. इंचाला २४०० ठिपके, म्हणजे त्या सहा सेंटिमीटरच्या चौकोनाचे सुमारे २ कोटी ८० लाख ठिपके झाले. कौले मोजून घ्यावीत इतके सारे स्वच्छ. आणि त्या गर्दीत आजी हरवली! ओरखडेही ठळक उमटले. रंगीत फिल्मवरचे ओरखडे इन्फ्रारेड किरणांनी हुडकून पुसता येतात. कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी मात्र ते किरणच अडवते.

इथवर निकाल हाताच्या बाजूने. परंतु त्याच स्कॅनमध्ये दाराची चौकट धरून उभी असलेली एक पाच वर्षांची मुलगी दिसली. ती माझी आत्या. तिचा लहानपणीचा दुसरा फोटो घरात नाही. पन्नासाहून अधिक वर्षे ती भिंतीवर होती आणि कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. हाताने आजीला न्याय दिला, तो आत्याला वगळून. यंत्राला निवड ठाऊक नाही, म्हणून पक्षपातही ठाऊक नाही.

तेव्हा माझे मत असे: स्कॅन हा पुन्हा एक साचाच आहे, अधिक बारकाव्याचा. संगणकावरही आखणी करता येते. करणारा मात्र हवा. दुकानातून येतो तो बहुधा न आखलेला गणपती.

स्कॅन झाला म्हणून निगेटिव्ह मात्र टाकू नका. कोकणच्या पावसाळी दमटपणात तिच्यावर बुरशी चढते, तेव्हा ती कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी जपा. तिच्या काळोखात अजून कोण उभे आहे, कुणास ठाऊक!