मरणाच्या उजेडात गाणं ऐकताना : इयन कर्टिस आणि जॉय डिव्हिजन

काळ्या टीशर्टवर पांढऱ्या रेषांचे एकामागे एक डोंगर, हे चित्र तुमच्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलं असेल. तो आलेख एका पल्सारचा आहे, म्हणजे ठरावीक अंतरानं रेडिओलहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्याचा. जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या बँडनं १९७९ साली आपल्या पहिल्या अल्बमच्या, ‘अननोन प्लेझर्स’च्या, वेष्टनावर तो वापरला. या बँडचा गायक आणि गीतकार इयन कर्टिस. १८ मे १९८० रोजी, पहिल्या अमेरिका दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, त्यानं आत्महत्या केली. वय फक्त २३.

आता प्रश्न असा, की हे एकदा कळल्यावर त्याची गाणी ऐकायची कशी? कारण कळलं की कान बदलतो. प्रत्येक ओळ चिठ्ठीसारखी वाटायला लागते. समीक्षकही तेच करतात, चाहतेही तेच करतात. ‘त्याला सगळं आधीच दिसलं होतं’ असं आपण म्हणतो आणि एका माणसाचा भविष्यवेत्ता करून टाकतो. हे ऐकणं मला चुकीचं वाटतं. का, ते त्याच्याच कामातून बघू.

कर्टिसचा जन्म १९५६चा. वाढला मॅकल्सफील्डमध्ये, मँचेस्टरजवळच्या एका छोट्या गिरणीगावात. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. नोकरी सरकारी होती, सेवायोजन कार्यालयात. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणा हवं तर. अपंग आणि आजारी माणसांना काम मिळवून द्यायला मदत करायची, हे त्याचं तिथलं काम. रॉक गायकाच्या दंतकथेत ही नोकरी बसत नाही, म्हणून ती एका वाक्यात उरकली जाते. पण त्याच्या लेखनाची एक किल्ली तिथेच आहे.

‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणं घ्या. एका स्त्रीला अपस्माराचे झटके येतात, त्याचं ते गाणं. कर्टिसला स्वतःला अपस्मार होता हे माहीत असलेला श्रोता लगेच म्हणतो, ‘हा स्वतःबद्दलच बोलतोय.’ थांबा जरा. त्या कार्यालयात नोकरी शोधायला एक तरुणी येत असे. तिला फिट यायच्या. पुढे ती यायची बंद झाली, आणि ती झटक्यातच गेली असं त्याला नंतर कळलं. गाण्याच्या मुळाशी ती आहे. आणि हे गाणं त्याला स्वतःला पहिला मोठा झटका आला त्याच्या आधीचं आहे. तो आला १९७८च्या डिसेंबरात, लंडनचा कार्यक्रम करून परतताना, गाडीत. म्हणजे आपण ज्याला आत्मकथन समजतो, ते मुळात टेबलाच्या अलीकडे बसलेल्या कारकुनानं पलीकडच्या माणसाकडे लक्ष देऊन बघणं आहे. आपण ते त्याच्या मरणाला जोडलं की त्या तरुणीचं मरण पुसलं जातं. एका माणसाची कीर्ती वाढवायला आपण दुसऱ्या माणसाला गाण्याबाहेर काढतो.

दुसरं उदाहरण ‘क्लोजर’ या दुसऱ्या अल्बमचं. तो बाहेर आला कर्टिस गेल्यानंतर, जुलै १९८० मध्ये. वेष्टनावर इटलीतल्या जिनोआच्या दफनभूमीतल्या एका थडग्याच्या शिल्पाचा फोटो. लोकांना वाटलं, हे मुद्दाम केलं. पण तो फोटो कर्टिस जिवंत असतानाच निवडला होता. नंतर घडलेल्या गोष्टीनं आधीच्या गोष्टीला अर्थ चिकटवला, इतकंच.

आणि मुळात हे संगीत एकट्या माणसाचं नाही. पीटर हूक बास गिटार वरच्या पट्टीत वाजवतो, चाल तिथे असते. बर्नार्ड सम्नरची गिटार मोजकं बोलते. स्टीफन मॉरिसचे ड्रम यंत्रासारखे नेमके. निर्माता मार्टिन हॅनेटनं या सगळ्यांच्या मध्ये रिकामी जागा ठेवली, रिकाम्या गोदामात असते तशी. आपण ज्याला ‘कर्टिसचा एकाकीपणा’ म्हणतो, त्यातला बराचसा भाग या जागेचा आहे. तो स्टुडिओत, विचार करून, चार-पाच जणांनी मिळून घडवलेला आहे. कर्टिसचा तो खर्जातला आवाजही कमावलेला आहे. दुःख आपोआप असा आवाज देत नाही.

मग मी असं म्हणतोय का, की चरित्र बाजूला ठेवा, फक्त कलाकृती बघा? नाही. ही गोष्ट इतकी सोपी असती तर आजचं व्याख्यान इथेच संपलं असतं.

कारण त्याच्या जवळच्यांनी नेमकं तेच केलं होतं. सोबत्यांनी पुढे अनेकदा सांगितलंय, की शब्दांकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. तो दुसऱ्या कुणाबद्दल लिहितोय असंच त्यांना वाटायचं. ‘क्लोजर’चं ध्वनिमुद्रण मार्च १९८० मध्ये झालं. तोवर आजार बळावला होता. त्या काळची औषधं जड होती, मनावर परिणाम करणारी. घरी एक वर्षाचीही न झालेली मुलगी, संसार मोडकळीला आलेला. डॉक्टर सांगणार जागरण नको, आणि बँडचं आयुष्य म्हणजे रोजचं जागरण. त्याचं रंगमंचावरचं नाचणं, ते हातांचं झटकणं, झटक्याच्या इतकं जवळ होतं की खरा झटका आला तरी समोरच्या लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटायचा. टाळ्या पडायच्या.

या टाळ्यांपाशी मला थांबावंसं वाटतं. ते प्रेक्षक क्रूर नव्हते. त्यांनी वेदनेला शैली समजण्याची चूक केली. आपण आज उलटी चूक करतो, शैलीला वेदना समजतो. तेव्हाच्या लोकांना फक्त कला दिसली आणि माणूस दिसला नाही. आपल्याला फक्त मेलेला माणूस दिसतो आणि कला दिसत नाही. दोन्हीकडे हरवतो तो जिवंत माणूस, जो सकाळी कार्यालयात जात होता, गोळ्या घेत होता, आणि ज्याला मदत मिळायला हवी होती.

‘तरुणपणी जाणं म्हणजे रॉकची पूर्तता’ ही कल्पना मला म्हणूनच मान्य नाही. त्याची पत्नी डेबोरा हिनं १९९५ साली आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात घरातली ओढाताण आहे, एकटीनं वाढवलेलं मूल आहे. मागे राहिलेल्यांसाठी त्या मरणात काव्य नव्हतं. उरलेल्या तिघांनी जुनं नाव सोडलं, ‘न्यू ऑर्डर’ म्हणून पुन्हा उभे राहिले आणि १९८३ साली ‘ब्लू मंडे’ काढलं. लोक त्यावर नाचले, अजून नाचतात. कर्टिस असता तर त्याच वाटेवर काहीतरी वेगळं केलं असतं. आत्महत्येनं काहीही पूर्ण झालं नाही. चालू असलेलं काम मध्येच तुटलं.

तेव्हा ऐकताना दोन गोष्टी करू. गाणं ऐकताना बास ऐका, ड्रम ऐका, त्यातली ती नाव नसलेली तरुणी ऐका. आणि आपल्या ओळखीतलं कुणी असं लिहीत असेल, गात असेल, तर ‘छान लिहिलंयस’ म्हणाच. पण त्यापुढे, ‘तू बरा आहेस ना?’ हेही विचारा. पहिलं समीक्षकाचं काम आहे, दुसरं मित्राचं. एकानं दुसरं भागत नाही.