क्रायमियांतील घोडे व रसेलचीं पत्रें

सरकारी दप्तरांतील कागद तेवढा खरा व वृत्तपत्रांतील मजकूर म्हणजे बाजारगप्पा, असा एक समज आमच्या संशोधकवर्गांत रूढ आहे. बखरींनीं तोंड पोळलेल्यांस तो साहजिक वाटावा. परंतु लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल (हाच पुढें १८५८ त लखनौच्या मोहिमेबरोबर इकडे आला) यानें १८५४-५५ सालीं क्रायमियाच्या युद्धांतून धाडलेलीं पत्रें सरकारी कागदांशीं ताडून पाहिलीं असतां हा समज टिकत नाहीं.

घोड्यांचें प्रकरण घ्या. १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळांत वैरण बुडाली हें खरें. पण बालाक्लाव्हाचें बंदर छावणीपासून अवघें सहा-सात मैल. चिखलामुळें दाणा वर येईना. घोडे खालीं धाडल्यास जव देतों, असें भांडारखात्यानें सुचविलें. लॉर्ड कार्डिगननें नाकारलें. घोडदळानें इंकरमनजवळच राहावें अशी सेनापतीची आज्ञा आहे, एवढेंच त्याचें उत्तर. तो स्वतः बंदरांतील आपल्या खासगी नौकेवर निजत असे! उघड्या टेकडीवर बांधलेल्या जनावरांनीं भुकेनें एकमेकांच्या आयाळी व शेपट्या खाल्ल्या. चाबूक उगारला नाहीं म्हणून हें क्रौर्य नव्हे, असें आम्हांस म्हणवत नाहीं. कौटिल्यानेंही अश्वाध्यक्षप्रकरणांत उपचाराच्या हयगयीनें घोड्याचा रोग बळावल्यास दंड सांगितला आहे.

सर जॉन मॅकनील व कर्नल टुलोक यांच्या अहवालानें जानेवारी १८५६ त लूकन व कार्डिगन यांस दोष दिला. त्याच वर्षीं चेल्सी येथें सेनाधिकाऱ्यांचें मंडळ बसलें व त्यानें दोघांसही निर्दोष ठरविलें. दोन्ही कागद अस्सल, दोन्ही सरकारी. आतां निवाडा कोणी करावा? येथें रसेलचीं पत्रें उपयोगी पडतात, कारण तीं आरोपप्रत्यारोपांची ही धांदल सुरू होण्यापूर्वींचीं आहेत. त्याची लेखणी तापट आहे. अधिकाऱ्यांच्या बुद्धीविषयीं तो बोलूं लागला म्हणजे वाचकानें सावध असावें. वाट, चिखल व जनावरें डोळ्यांनीं पाहून लिहितो तेथें त्याची साक्ष आम्ही मंडळाच्या निकालाहून वरची मानतों.

२५ फेब्रुवारी १८५६ रोजीं सेनापति कॉड्रिंग्टन यानें हुकूम काढला कीं, शत्रूच्या उपयोगी पडेल असा तपशील बातमीदारांनीं प्रसिद्ध करूं नये. करील त्यास सैन्यांतून घालवून द्यावें. लॉर्ड रॅग्लनची तक्रार १८५४ पासून हीच होती, व ती निराधार नव्हती. घोडदळ उपाशी आहे ही वार्ता रशियनांस गोडच लागली असती. परंतु ह्याच न्यायानें उपाशी घोडा हें लष्करी गुपित ठरतें, आणि त्यास उपाशी ठेवणारा त्या गुपिताचा रक्षक! सुदैवानें हुकूम निघाला तेव्हां युद्ध संपत आलें होतें. ३० मार्चला पॅरिसचा तह झाला.

१८९९-१९०२ च्या बोअर युद्धांत इंग्रजांचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. तेथें बातमीदारांच्या तारा प्रथमपासूनच लष्करी तपासनीसाच्या हातून जात होत्या.