हेरकथेंतील सूड आणि न्याय

भाताची कापणी उरकली आणि भाऊबीज झाली, कीं आमच्या गोंदिया जिल्ह्यांत मंडयांना आरंभ होतो. दिवसा मंडई आणि रात्रीं नाटक, हा झाडीपट्टीचा शिरस्ता आहे. अर्जुनी-मोरगांव, सडक-अर्जुनी या बाजूला रात्रीं दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाहीं, आणि प्रेक्षकही उठत नाहींत. कडाक्याच्या थंडींत शाली-घोंगड्या पांघरून माणसें बसून राहतात. कारण खलपुरुषाचा निकाल लागलेला त्यांना डोळ्यांनीं पाहावयाचा असतो. तो निकाल पोलिसांच्या बेडीनें लागला काय, किंवा नायकाच्या कुऱ्हाडीनें लागला काय, टाळ्या पडावयाच्या त्या पडतातच. खरें सांगावयाचें तर कुऱ्हाडीला अंमळ अधिक. या टाळ्यांना हंसण्याचा अधिकार आम्हां सुशिक्षितांना नाहीं. दिवाणखान्यांत बसून टेलिव्हिजनवर हेरकथा पाहणारा प्रेक्षकही शेवटच्या भागांत हेंच मागत असतो. तो टाळ्या मनांतल्या मनांत वाजवितो, एवढाच काय तो फरक.

आम्ही ज्या मालिकेच्या निमित्तानें लिहीत आहों ती 'दि फॅमिली मॅन' होय. राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. या जोडीनें ती रचिली. तिचा पहिला खंड सप्टेंबर २०१९ मध्यें, दुसरा जून २०२१ मध्यें आणि तिसरा नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला. तिसरा खंड गोष्ट ऐन अडचणींत सोडून थांबतो. म्हणून त्याविषयींचें मत आम्ही तूर्त राखून ठेवितों. दुसऱ्या खंडाचे नऊ भाग मात्र आपल्या जागीं पुरे आहेत, आणि सूड व न्याय यांचा जो गुंता हेरकथेंत हटकून पडतो, तो त्यांत फार स्वच्छ दिसतो.

कथानक थोडक्यांत असें. श्रीलंकेंतील पराभूत तामिळ बंडखोरांचा पुढारी भास्करन् लंडनमध्यें आश्रय घेऊन राहिला आहे. त्याचा भाऊ सुब्बू चेन्नईत पकडला जातो आणि एका बाँबस्फोटांत मारला जातो. हा स्फोट घडवून आणणारा पाकिस्तानी हेर मेजर समीर. परंतु भास्करन् समजतो कीं, भारत सरकारनें आपल्याशीं दगा केला. येथून पुढें तो जें जें करतो, म्हणजे पंतप्रधानांच्या वधाचा कट आणि त्यासाठीं आपल्या जुन्या सैनिकांना, त्यांतही राजी हिला, पुन्हा कामाला लावणें, तें सारें त्याच्या भावाच्या खऱ्या मारेकऱ्याच्याच पदरांत पडतें. सूड घेणारा मनुष्य आपण कोणाचें तरी प्यादें आहों हें शेवटपर्यंत ओळखीत नाहीं.

सर्व खंडांत आम्हांस हाच भाग सर्वांत मोलाचा वाटला. सुडाला बळ दुःखाचें असतें, पण दिशा लागते ती एका नांवाची. अमक्यानें माझा माणूस मारला, एवढें कळल्याखेरीज सूड पाऊल उचलीत नाहीं. आणि हें नांव पुरविणें हाच तर हेराचा धंदा! दुःख खरें, अश्रू खरे, नांव तेवढें खोटें. न्यायासनासमोर हेंच नांव आलें असतें तर साक्षीपुरावा, उलटतपासणी, तारखांवर तारखा, असा लांबचा रस्ता त्याला चालावा लागला असता. या दिरंगाईला आपण सर्वच कंटाळलों आहों. पण त्या दिरंगाईंतच खोट्या नांवाला गाळून टाकणारी चाळण असते, हें सुडाच्या घाईंत कोणाच्या लक्षांत राहात नाहीं.

ही युक्ति नवी नाहीं. विशाखदत्ताचें 'मुद्राराक्षस' आमच्या मतें भारतीय वाङ्मयांतील पहिल्या प्रतीची हेरकथा होय. कृष्णशास्त्री राजवाडे यांनीं तें एकोणिसाव्या शतकांतच मराठींत आणिलें, आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'चंद्रगुप्त' कादंबरीनें ती कथा मराठी घरांतून पोंचविली. त्यांतील मलयकेतूचें काय झालें तें पाहा. त्याचा बाप पर्वतक विषकन्येनें मेला. ती विषकन्या राक्षसानें चंद्रगुप्तासाठीं पाठविलेली. चाणक्यानें तिला पर्वतकाकडे वळविलें. हा घात चाणक्यानें केला असें सांगून भागुरायण मलयकेतूला पळवून नेतो, आणि मलयकेतु राक्षसाला येऊन मिळतो. पुढें क्षपणकाच्या वेषांतला जीवसिद्धि तोच दोष राक्षसाच्या माथीं मारतो. मागोमाग मुद्रेचें पत्र सांपडतें, बापाचे अलंकार राक्षसाच्या अंगावर दिसतात, आणि मलयकेतु तत्काळ राक्षसाचा वैरी होतो. भागुरायण आणि जीवसिद्धि हे दोघेही चाणक्याचेच हेर. एकाच बापाच्या मृत्यूचा सूड या मुलाकडून दोन दिशांना वळवून घेतला जातो, आणि दोन्ही वेळां दोरी एकाच हातांत असते! समीर आणि भास्करन् यांचा प्रसंग पाहतांना आम्हांस वारंवार हा पांचवा अंक आठवला. मालिकाकारांनीं 'मुद्राराक्षस' वाचलें असेल वा नसेल. हेरांच्या राजकारणांत हा डाव पुन्हा पुन्हा पडावयाचाच.

याच्या उलट हॅम्लेट. आगरकरांनीं १८८३ सालीं 'विकारविलसित' या नांवानें हें नाटक मराठींत आणिलें. तेव्हांपासून हा राजपुत्र दिरंगाई करतो म्हणून आपले टीकाकार त्याला बोल लावीत आले आहेत. पण त्याला बातमी देणारें कोण? एक पिशाच. त्या पिशाचाच्या शब्दावर विसंबून चुलत्याचा गळा न कापतां तो दरबारांत नाटक करवितो आणि चुलत्याचा चेहरा न्याहाळतो. पुढें पडद्याआडच्या पोलोनियसला तो न पाहतां भोसकतो, हा भाग निराळा. तेवढ्या एका घाईची किंमतही त्याला भरावी लागते. परंतु बातमीदाराची परीक्षा घ्यावी हें ज्याला सुचलें, त्याला दुबळा म्हणण्यापूर्वीं टीकाकारांनीं एकदां मलयकेतूकडे पाहावें.

आतां राजीविषयीं. समंता रूथ प्रभु या नटीनें ही भूमिका इतक्या मोजक्या शब्दांत आणि इतक्या आवळलेल्या चेहऱ्यानें केली आहे कीं, मालिकेचा नायक श्रीकांत तिवारी कांहीं वेळ विस्मृत होतो. तोही मनोज वाजपेयींसारख्या नटानें उभा केलेला असतां. लहानपणीं सैनिकांकडून तिच्या घराची आणि तिची स्वतःची जी विटंबना झाली, तिचा डाग घेऊन ती चेन्नईत एका कारखान्यांत मजुरी करीत असते, आणि तेथेंही वरचा माणूस तिच्यावर हात टाकतोच. शेवटीं स्फोटकांनीं भरलेलें एक लहानसें विमान घेऊन ती पंतप्रधानांवर जाते आणि त्या विमानासकट संपते. आमच्या घरीं हा भाग चालला असतां तरुण मंडळींनीं सुटकेचा निःश्वास टाकला. आमच्या मातोश्री मात्र म्हणाल्या, "ती मेली तें ठीक झालें रे, पण त्या शिपायांना कोणीं काय विचारलें?"

या प्रश्नाला मालिकेंत उत्तर नाहीं. महाभारतांत कीचकाचा वध होण्यापूर्वीं द्रौपदी विराटाच्या भरसभेंत दाद मागते. ती मिळत नाहीं, आणि मग ती भीमाकडे जाते. खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें तेव्हां प्रेक्षकांनीं कीचकांत लॉर्ड कर्झन पाहिला, आणि १९१० सालीं सरकारनें तें नाटक बंद केलें. सरकारला भय वाटलें तें भीमाच्या मुष्टीचें असेल. पण आमच्या मतें त्याहून अधिक भयंकर होती ती राजसभेंत न ऐकली गेलेली फिर्याद. राजीला अशी सभाच दाखविलेली नाहीं. तिचें दुःख मालिकाकारांनीं प्रामाणिकपणें मांडलें, पण उपयोगिलें तें इंधनासारखें. जळून झाल्यावर त्याची चौकशी नाहीं. हा या खंडाचा मोठा दोष होय, आणि उत्तम अभिनयानें तो झांकला गेला म्हणून कमी होत नाहीं.

पहिल्या खंडांत हेच लेखक अधिक धीट होते. तेथें करीम नांवाचा एक विद्यार्थी संशयावरून गोळी लागून मरतो. तो निरपराध होता हें श्रीकांताच्या खात्याला कळतें, तरी तो दहशतवादी होता असाच बोभाटा होऊं दिला जातो. येथें सूड घेणारें कोणी नाहीं. फक्त एक खोटें नांव, आणि तें देणारे या खेपेस आपल्याच बाजूचे. श्रीकांताच्या मनाला हें शल्य लागतें, पण तो बोलत नाहीं, नोकरी करीत राहतो, मुलांना शाळेंत सोडतो. मध्यमवर्गीय माणसाच्या सदसद्विवेकाचें इतकें खरें आणि इतकें अप्रिय चित्र हल्लीं क्वचित् दिसतें.

डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी यांची 'चाणक्य' ही ४७ भागांची मालिका १९९१-९२ सालीं दूरदर्शनवर झाली. ती अनेक वाचकांस आठवत असेल. तिच्यांत नंदानें केलेल्या अपमानाचा सूड राष्ट्राच्या ऐक्याच्या ध्येयांत विरघळून जातो आणि कथा चंद्रगुप्ताच्या राज्याभिषेकाशीं येऊन थांबते. भाषा भारदस्त, नेपथ्य अभ्यासपूर्ण. परंतु ध्येय मोठें झालें म्हणजे सूड आपोआप शुद्ध होतो, ही तिची समजूत आम्हांस पटली नाहीं. विशाखदत्त येथें अधिक सावध आहे. त्याचें नाटक सुरू होतें तेव्हां नंद मरून गेलेले आहेत, सूड पुरा झालेला आहे, आणि तरीही चाणक्याची शिखा मोकळीच! ती बांधली जाते सातव्या अंकाच्या अखेरीस. मित्र चंदनदास सुळीं जाऊं नये म्हणून राक्षस स्वतः होऊन हातीं येतो, आणि चाणक्य त्याला मारण्याऐवजीं अमात्यपद देतो, तेव्हां. मलयकेतूला बापाचें राज्य परत मिळतें, चंदनदास नगरशेट होतो. हत्ती-घोडे सोडून सर्वांचीं बंधनें तोडावीं आणि बांधावयाची ती एक शिखाच, असा हुकूम सुटतो.

मात्र पांचव्या अंकांत खोट्या पत्रावर विश्वासून मलयकेतूनें आपल्याच पक्षाचे पांच राजे मारविले होते. ज्यांना भूमीचा लोभ होता असें त्या पत्रानें ठरविलें त्यांना खड्ड्यांत पुरलें, ज्यांना हत्तींचा होता त्यांना हत्तींच्या पायीं दिलें. कुलूतचा चित्रवर्मा, मलयाचा सिंहनाद, काश्मीरचा पुष्कराक्ष, सिंधूचा सिंधुषेण, पारसीकांचा मेघाक्ष. सातव्या अंकाच्या त्या आनंदांत यांचें नांव कोणीही काढीत नाहीं.